संत्र्याची फळगळ : दोष देठाचा की मुळांचा?

विदर्भाच्या संत्रा पट्ट्यात श्रावण आला की बातम्यांचा एक ठरलेला क्रम सुरू होतो. आधी सलग पावसाची बातमी येते. आठ-पंधरा दिवसांनी आंबिया बहराच्या हिरव्या फळांचा झाडाखाली सडा पडल्याची छायाचित्रे छापून येतात. त्यापाठोपाठ लोकप्रतिनिधींचे पाहणी दौरे, पंचनाम्यांची मागणी आणि सरतेशेवटी संजीवकांच्या फवारणीचा सल्ला. तोडणीला दीड-दोन महिने उरले असताना, खत, पाणी, मजुरी असा सगळा खर्च होऊन गेल्यावर ही गळ होते. उभा बगीचा व्यापाऱ्याला ठोक भावाने द्यायची पद्धत या भागात रूढ असल्याने, तोडणीआधी गळलेल्या फळांचा तोटा बहुधा बागायतदाराच्याच पदरी पडतो.

अमरावती जिल्ह्यातील वरूड, मोर्शी, चांदूर बाजार, अचलपूर आणि नागपूर जिल्ह्यातील काटोल, नरखेड या तालुक्यांचे अर्थकारण संत्र्याभोवती फिरते. विदर्भात या फळाखाली लाखाहून अधिक हेक्टर क्षेत्र आहे. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण त्यानंतरच्या काळात बांगलादेशाने आयात शुल्क टप्प्याटप्प्याने वाढवल्याने त्याची सर्वांत मोठी परदेशी बाजारपेठ आक्रसत गेली. म्हणजे जे फळ झाडावर टिकते त्याला भाव नाही, आणि भाव असतो तेव्हा फळ टिकत नाही, अशा कात्रीत हा शेतकरी सापडला आहे. अशा वेळी ‘फळ गळते तरी का?’ हा प्रश्न केवळ वनस्पतिशास्त्राच्या वर्गात विचारण्याचा राहत नाही. त्याच्या उत्तरावर नुकसानभरपाई, विमा आणि औषधाच्या दुकानातील उधारी अवलंबून असते. आश्चर्य असे, की या प्रश्नाचे उत्तर शास्त्राला बऱ्यापैकी ठाऊक आहे. ते आपल्या शासकीय निकषांत मात्र उतरलेले नाही.

मुळात फळ गळणे हा रोग नव्हे. तो झाडाचा स्वतःचा जमाखर्च आहे. संत्र्याच्या झाडाला येणाऱ्या शंभर फुलांपैकी जेमतेम एक-दोन फुलांचे पक्व फळ होते. आंब्याच्या मोहराची कथाही वेगळी नाही. फुलोऱ्यानंतर लगेच एक गळ होते, फळे वाटाण्या-सुपारीएवढी असताना उन्हाळ्यात दुसरी होते. झाडाजवळचे अन्न आणि पाणी जेवढ्या फळांना पुरेल तेवढीच ठेवून बाकीची ते सोडून देते. या दोन गळींबद्दल शेतकरी फारशी तक्रार करत नाही. त्याला बुडवते ती तिसरी, पूर्ण पोसलेल्या फळांची.

सोडून देण्याची ही क्रिया मोठी पद्धतशीर असते. वाऱ्याने फळ तुटले असे आपण म्हणतो, पण बहुतेक वेळा वारा निमित्तमात्र असतो. देठाच्या विशिष्ट जागी लहान पेशींचा एक पातळ थर झाडाने आधीपासूनच तयार ठेवलेला असतो. संत्र्यात असे थर दोन ठिकाणी असतात. एक देठ फांदीला जोडला जातो तेथे, दुसरा फळ आणि त्याची हिरवी टोपी यांच्यामध्ये. कोवळे फळ गळते ते पहिल्या थरातून, म्हणून ते देठासकट पडते. मोठे फळ दुसऱ्या थरातून सुटते आणि टोपी झाडावरच राहते. आदेश मिळाला की या थरातील पेशी दोन पेशींना सांधणारे द्रव्य विरघळवणारी विकरे सोडू लागतात. सांधा सैल होतो, आणि मग फळाचे स्वतःचे वजनच पुरेसे ठरते.

हा आदेश देणारी द्रव्ये म्हणजे वनस्पतींची संप्रेरके. शेतकऱ्यांच्या भाषेत संजीवके. त्यांपैकी दोघांची येथे प्रामुख्याने गाठ पडते. वाढत्या फळात, विशेषतः त्यातील बियांत, ऑक्झिन तयार होते आणि देठातून फांदीकडे अखंड वाहत असते. हा प्रवाह चालू आहे तोवर त्या थरातील पेशी बहिऱ्यासारख्या वागतात; गळण्याचा संदेश त्यांच्यापर्यंत पोचत नाही. प्रवाह मंदावला की त्यांना ऐकू येऊ लागते. संदेश देणारे दुसरे द्रव्य म्हणजे इथिलीन, एक साधा वायू. शहरी वाचकाला तो वेगळ्या संदर्भात परिचित असेल. केळी आणि आंबे पिकवण्याच्या खोल्यांत कार्बाइडऐवजी ज्या वायूला कायद्याने परवानगी आहे, तो हाच.

इथिलीनचा शोधही शहराच्या रस्त्यावरच लागला, असे म्हणता येईल. एकोणिसाव्या शतकात युरोपातील शहरांत दिवाबत्तीसाठी कोळशाचा वायू नळांतून खेळवला जाई आणि जेथे नळ गळके असत तेथील रस्त्याकडेची झाडे अवेळी पाने टाकत. १९०१ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या दिमित्री नेल्यूबोव या तरुण संशोधकाने प्रयोगशाळेतील वाटाण्याच्या रोपांवर प्रयोग करून या उपद्रवाचे मूळ इथिलीनमध्ये असल्याचे दाखवले. १९३४ मध्ये इंग्लंडच्या रिचर्ड गेन यांनी पिकते सफरचंद स्वतःच हा वायू तयार करते हे सिद्ध केले. तेव्हापासून वायूरूप संप्रेरक ही कल्पना मान्य झाली.

तिसऱ्या द्रव्याचे नाव मात्र थोडे फसवे आहे. १९६० च्या दशकात कॅलिफोर्नियातील फ्रेडरिक ॲडिकॉट आणि त्यांचे सहकारी कपाशीच्या बोंडगळीचे कारण शोधत होते. त्यांना कोवळ्या बोंडांत एक द्रव्य सापडले. गळ घडवणारे म्हणून पुढे त्याचे नाव ॲब्सिसिक आम्ल पडले. नंतर लक्षात आले, की गळ घडवण्यात प्रमुख भूमिका इथिलीनची आहे आणि या आम्लाचे मुख्य काम झाडाला पाण्याच्या टंचाईची सूचना देणे हे आहे. पण टंचाई आणि गळ यांचे नाते आहेच. झाड तहानले की हे आम्ल वाढते आणि त्यातून इथिलीनच्या निर्मितीला चालना मिळते. पातेगळ आणि बोंडगळ वर्षानुवर्षे सोसणाऱ्या विदर्भाला या शोधाचे धागे कपाशीशी जुळलेले आहेत, याचे अप्रूप वाटायला हरकत नाही.

आता ऑगस्टमधील पावसाकडे वळू. संत्रा पट्ट्यातील बऱ्याच बागा भारी काळ्या जमिनीत आहेत. ही जमीन पाणी धरून ठेवते, हा उन्हाळ्यातला गुण पावसाळ्यात दोष ठरतो. सलग पावसात मातीतील पोकळ्या पाण्याने भरतात आणि मुळांना प्राणवायू मिळेनासा होतो. इथिलीन ज्या द्रव्यापासून बनते, त्याचे संक्षिप्त नाव एसीसी. त्याचे इथिलीनमध्ये रूपांतर होण्याच्या शेवटच्या पायरीला प्राणवायू लागतो. बुडालेल्या मुळांत तो नसल्याने एसीसी साठत जाते, रसवाहिन्यांतून वर चढते आणि पाना-फळांपाशी, जेथे हवा मुबलक आहे तेथे, त्याचे इथिलीन होते. म्हणजे गुदमरतात मुळे आणि सुटतो देठ. त्यातच ढगाळ हवेने पानांत अन्न कमी तयार होते, फळांची वाढ मंदावते आणि देठातील ऑक्झिनचा प्रवाहही क्षीण होतो. एकीकडे गळण्याचा संदेश मोठा होतो, दुसरीकडे तो न ऐकण्याची ताकद कमी होते.

पाण्याच्या अभावाची वाटही थोडी फिरून तेथेच पोचते. स्पेनमधील तुदेला आणि प्रिमो-मिलो या संशोधकांनी १९९२ मध्ये संत्रावर्गीय रोपांवरील प्रयोगांतून दाखवले, की पाणी तोडले असताना मुळांत एसीसी साठते. पण पानगळ होते ती पुन्हा पाणी दिल्यावर, साठलेले द्रव्य वर चढले की. तो प्रयोग पानांवरचा होता, हे खरे. तरीही दीर्घ उघडिपीनंतर एकदम जोराचा पाऊस आला की बागा का गळतात, हे समजून घ्यायला तो उपयोगी आहे. वरूड-मोर्शीसारख्या तालुक्यांत भूजलाचा अतिउपसा झाला आहे. २०१९ च्या उन्हाळ्यात तेथे बागाच्या बागा वाळल्या होत्या. मे महिन्यात घशाला कोरड आणि ऑगस्टमध्ये पायांत पाणी, अशा हेलकाव्यात वाढणाऱ्या झाडाचा जमाखर्च जुळायचा कसा?

या साखळीतला सर्वांत महत्त्वाचा दुवा आहे वेळेचा. पाऊस पडतो एका आठवड्यात, मुळे कुजू लागतात पुढच्या काही दिवसांत, आणि फळे पडतात त्यानंतर. दरम्यान ऊन पडलेले असते. पाहणीला आलेल्या कर्मचाऱ्यास कोरडे शेत, हिरवेगार झाड आणि खाली पडलेली फळे दिसतात. फळ फोडले तर त्यात एखादे वेळी बुरशी किंवा अळीही आढळते. मग ही गळ अतिवृष्टीची की कीड-रोगाची, हा वाद उभा राहतो. अतिवृष्टीची असेल तर मदतीला पात्र, कीड-रोगाची असेल तर बागायतदाराची हयगय. वास्तविक पाण्यात राहिलेल्या मुळांवर फायटोप्थोरा बुरशी चढते ती पावसामुळेच. ज्या जंबेरीच्या खुंटावर येथील असंख्य कलमे बांधली गेली, तो खुंट या बुरशीला सहज बळी पडतो. इजा झालेले ऊतकही इथिलीन सोडते. पाऊस, बुरशी आणि संप्रेरक ही तीन वेगळी कारणे नसून एकाच घटनेच्या तीन पायऱ्या आहेत. पंचनाम्याच्या रकान्यात मात्र त्यांतील एकच लिहिता येते.

निकषांची गोष्ट तर आणखी विचित्र. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला तर ती अतिवृष्टी. दहा दिवस रोज वीस-पंचवीस मिलिमीटर पाऊस पडला तर आकडा हुकतो, मुळे मात्र गुदमरतातच. ही उणीव ओळखून राज्य मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये ‘सततचा पाऊस’ ही नैसर्गिक आपत्ती मानण्याचा निर्णय घेतला, हे स्वागतार्हच. पण त्या निकषांत पिकाचा हिरवेपणा उपग्रहाने मोजणाऱ्या निर्देशांकालाही जागा देण्यात आली. सोयाबीन पिवळे पडले की उपग्रहाला दिसते. संत्र्याचे सदाहरित झाड सगळी फळे टाकूनही वरून हिरवेच दिसते. हवामानावर आधारित फळपीक विम्यातही भरपाई ठरते ती हवामान केंद्राच्या नोंदींवरून, गळलेल्या फळांवरून नव्हे. आंबिया बहराच्या संत्र्यासाठी त्यातील जोखमी मुख्यतः अवेळी पाऊस, तापमानातील चढउतार आणि गारपीट अशा, म्हणजे हिवाळ्या-उन्हाळ्यातल्या आहेत. ऑगस्टमधला पाऊस ‘अवेळी’ नसतो!

राहिला प्रश्न फवारणीचा. देठातील ऑक्झिनचा प्रवाह आटला म्हणून फळ गळते, तर तो बाहेरून का देऊ नये, हा विचार सरळ आहे आणि तो चुकीचाही नाही. अमेरिकेच्या कृषी खात्यातील संशोधकांनी १९३९ मध्ये कृत्रिम ऑक्झिन फवारून सफरचंदाची तोडणीपूर्व गळ रोखता येते हे दाखवले. १९४० च्या दशकात कॅलिफोर्नियातील संत्राबागांत २,४-डी या कृत्रिम ऑक्झिनचा त्यासाठी उपयोग सुरू झाला. आपल्याकडेही २,४-डी किंवा जिबरेलिक आम्ल यांपैकी एक, १५ पीपीएम, म्हणजे शंभर लिटर पाण्यात अवघे दीड ग्रॅम, आणि सोबत एक किलो युरिया, ही शिफारस जुनी आणि प्रयोगांवर आधारलेली आहे. जिबरेलिक आम्ल फळाची वाढ आणि सालीचे तारुण्य टिकवते. ऑक्झिन देठाचा सांधा धरून ठेवते.

परंतु या उपायाच्या मर्यादा सल्ल्यासोबत पोचत नाहीत. थरातील पेशींनी सांधा विरघळवायला सुरुवात केली, की नंतर दिलेले ऑक्झिन निरुपयोगी ठरते. म्हणून फवारणी गळ सुरू होण्यापूर्वी हवी, सडा पडल्यावर नव्हे. रस शोषणारा पतंग किंवा फळमाशीने डंख मारलेले फळ संजीवकाने वाचत नाही. मुळे पाण्यातच असतील तर वरून दिलेले ऑक्झिन आणि खालून येणारे इथिलीन यांची झुंज चालू राहते आणि त्यात देठाची बाजू क्वचितच जिंकते. मात्रा वाढवून काम भागेल म्हणावे तर जास्त ऑक्झिन स्वतःच झाडाला इथिलीन बनवायला लावते आणि गळ वाढवते. संप्रेरकांच्या बाबतीत ‘थोडे जास्त’ हा शब्दप्रयोग फार महागात पडतो. डाळिंब उत्पादक हे चांगले जाणतात. बहर धरताना ते इथेफॉन फवारून मुद्दाम पानगळ घडवतात. तेथे हवी असलेली गळ आणि येथे नको असलेली गळ यांच्यामागे वायू एकच.

२,४-डीचा तर आणखी एक पेच आहे. बाजारात ते मिळते तणनाशक म्हणून. तण मारताना लागणारी त्याची तीव्रता संत्र्यासाठीच्या शिफारशीच्या शंभरपटीच्या आसपास असते. त्यामुळे तणनाशकाच्या बाटलीतून दीड ग्रॅम क्रियाशील घटकाचा हिशेब बांधावर बसून करायचा, ही अपेक्षा शेतकऱ्याकडून केली जाते. कपाशी या रसायनाला कमालीची संवेदनशील आहे. वाऱ्याने उडालेल्या तुषारांनी किंवा नीट न धुतलेल्या पंपातील अंशानेही तिची पाने अरुंद आणि चिरफाळल्यासारखी होतात. संत्र्याच्या धुऱ्याला लागून कपाशी नाही, असे गाव या भागात शोधावे लागेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २०१५ मध्ये २,४-डीची नोंद ‘कर्करोगाची शक्यता असलेले’ अशी केली. केंद्र सरकारने २०२० मध्ये ज्या २७ कीडनाशकांवरील बंदीचा मसुदा काढला, त्यात त्याचे नाव होते. ती बंदी प्रत्यक्षात आली नाही. येथे ग्राहकाने संत्रे खायचे सोडावे, असे सुचवायचे नाही. काळजी करायची ती फवारणाऱ्याची. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचे प्राण गेले. ती रसायने वेगळी होती, पण हातमोज्यांविना, तोंडाला रुमाल बांधून फवारणारा माणूस तोच आहे.

याच जागेत ‘टॉनिक’वाल्यांचा व्यवसाय फोफावला. फुलगळ थांबवणारे, फळ फुगवणारे, देठ मजबूत करणारे अशा चमकदार बाटल्यांत नेमके काय आहे, हे अनेकदा विक्रेत्यालाही सांगता येत नसे. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्राने अशा जैवउत्तेजकांना खत नियंत्रण आदेशाच्या कक्षेत आणले. उशिरा का होईना, पाऊल योग्य आहे. मात्र तालुक्याच्या दुकानातील फळीवर त्याचा परिणाम दिसायचा तर नमुने तपासले जायला हवेत. आणि त्याहीआधी, सल्ला देणारा आणि माल विकणारा हा एकच माणूस असता कामा नये.

गळीवरचा खरा इलाज जमिनीत आहे आणि तो फारसा आकर्षक नाही. झाडांच्या ओळींमध्ये उताराला धरून चर काढणे, नवी लागवड सपाट जमिनीत न करता उंच गादीवाफ्यावर करणे, कलम घेताना ते कोणत्या खुंटावर आहे याची रोपवाटिकेकडून लेखी हमी मिळणे, जमिनीला पेलवेल तेवढाच ताण देणे. विद्यापीठ आणि नागपूरची केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था या गोष्टी सांगत असतातच. पण चर खोदायला यंत्र लावावे लागते, चराचे पाणी पुढे कोठे सोडायचे यावरून शेजाऱ्याशी भांडण होते, आणि नाला शिवाराच्या खालच्या टोकाला बुजलेला असेल तर एकट्याच्या चराने काही साधत नाही. हे काम एका बागेचे नाही, संपूर्ण शिवाराचे आहे. म्हणून ते शासनाच्या योजनेतच बसायला हवे. फळबाग लागवडीच्या अनुदानात खड्डे, कलमे आणि ठिबक यांना जे स्थान आहे, तेच निचऱ्याच्या चरांना मिळाले पाहिजे. हवामान केंद्रे पाऊस मोजतात, तशी निवडक मंडळांत मुळांच्या थरातील ओलावा मोजणारी साधने बसवली, तर गळ सुरू होण्यापूर्वी इशारा देता येईल. फवारणीची वेळही त्यावरून ठरेल आणि भरपाईच्या वादात पुरावा म्हणूनही त्या नोंदी उभ्या राहतील. चर खोदायचे ते जमीन कोरडी असताना, मृगापूर्वी. त्यासाठीचा निधी आणि आदेश मार्चअखेर तालुक्यात पोचले, तरच येत्या आंबियाला त्याचा उपयोग आहे.